पगार, ओव्हरटाइम, पीएफ सगळंच अडकलंय. संप करावा की कोर्टात जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीतलं ८० जणांचं युनिट, त्यातले निम्मे ठेकेदाराकडचे. पाळी १२ तासांची, वरच्या चार तासांचे पैसे साध्याच दराने. पगार १५-२० तारखेपर्यंत लांबतो. पीएफ कापला जातो पण पासबुकात दिसत नाही. दोन वर्षांत पगारवाढ नाही, आणि मालक म्हणतात, "ऑर्डरी कमी आहेत, पुढच्या वर्षी बघू." तरुण पोरं उद्यापासूनच मशीन बंद करायची म्हणतायत, आणि तुम्ही विचारताय की संप करावा की कोर्टात जावं.

मी याच पट्ट्यात वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात काम केलं आणि बरीच वर्षं कामगार प्रतिनिधी म्हणून करारांच्या बैठकांना बसले. त्यावरून सांगते, आज दोन्ही नको. आधी तुमच्या तक्रारींचे दोन ढीग करा. एका ढिगात कायद्यानं जे तुमचं आधीच झालेलं आहे ते: ओव्हरटाइमचा दुप्पट दर, ७ तारखेच्या आत पगार, पीएफचा भरणा, किमान वेतन. दुसऱ्या ढिगात जे मागून, भांडून, बोलून मिळवायचं आहे ते: पगारवाढ, बससेवा, बोनस जास्त, कँटीन. हे दोन ढीग एकाच टेबलावर एकत्र ठेवू नका. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

का, ते आकड्यांत बघा. समजा तुमचा पगार १५,६०० आहे. २६ दिवसांनी भागला तर रोज ६००, तासाला ७५. ओव्हरटाइमचा तास १५०चा व्हायला हवा, तुम्हाला ७५च मिळतात. रोज चार तास म्हणजे महिन्याला १०४ तास, म्हणजे प्रत्येकाचे महिन्याला ७,८०० रुपये मालकाकडे राहतात. वर्षाचे ९३,६००. ८० जणांचे मिळून जवळपास ७५ लाख. आता मालक बैठकीत म्हणणार, "चला, सगळ्यांना १,५०० वाढ देतो, जुनं सगळं विसरा." ऐकायला गोड वाटतं, टाळ्याही पडतात. पण त्या वाढीचा त्यांना वर्षाचा खर्च १४ लाख ४० हजार. पाऊण कोटीचं देणं १४ लाखांत मिटलं, वर उपकारही झाले. मी असे करार झालेले पाहिलेत आणि अजून जीव जळतो. म्हणून पहिल्या ढिगाबद्दल एकच भाषा वापरा: ही मागणी नाही, वसुली आहे.

दुसरं, रोज चार तास जादा हेच मुळात बेकायदा आहे. तिमाहीत किती तास ओव्हरटाइम घेता येतो याला कायद्याची मर्यादा आहे, आणि तुमचे तास ती तिमाही संपायच्या कितीतरी आधी ओलांडतात. त्यामुळे हजेरीच्या रजिस्टरमध्ये बहुधा ८ तासच लिहिलेले असणार. पंचिंग असेल तर आउटची नोंद दुसराच कुणीतरी वेळेवर करत असेल. तेव्हा पुरावा तुम्हालाच तयार करावा लागेल, आणि ते काम आजपासून करता येतं. प्रत्येकानं छोट्या वहीत रोजची येण्या-जाण्याची वेळ लिहावी. सुपरवायझरचे "आज थांबायचंय" असे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवावेत. पगारपावती मिळत नसेल तर बँकेच्या पासबुकाची नोंद. खात्यात पूर्ण पगार टाकून त्यातले काही रोख परत मागत असतील तर त्याचीही तारीख लिहा. कोऱ्या कागदावर किंवा "सर्व रक्कम मिळाली" अशा व्हाउचरवर कुणीही सही करू नका, कितीही गोड बोलून मागितली तरी.

पीएफचं सर्वांत सोपं आहे आणि सर्वांत लवकर हलतं. सरकारच्या उमंग ॲपवर यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, टाकून पासबुक बघा, कोणत्या महिन्याचा भरणा नाही ते प्रत्येकाचं लिहून काढा. ज्या महिन्याचा पगार, त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मालकाने स्वतःचा आणि तुमचा हिस्सा भरायचा असतो. तुमच्या पगारातून कापलेली रक्कम न भरणं हा साधा उशीर नाही, तो फौजदारी विश्वासघात धरला जातो. पीएफ कार्यालयात तक्रार ऑनलाइन करता येते, युनियन असण्याची गरज नाही. १०-१५ जणांनी एकाच आठवड्यात तक्रारी केल्या की चौकशीची शक्यता वाढते आणि कुणा एकट्यावर डूख धरता येत नाही. ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विमा योजनेचंही तपासा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ती लागू होते, आणि बोट गेल्यावर कळायला नको की नावच नोंदलेलं नव्हतं.

बोटावरून आठवलं. तुमच्याकडे पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारी-वाकवणारी मशीन, आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाही. असतील तर सेन्सर आणि गार्ड चालू आहेत का, ते मागणीपत्रात पगाराच्याही वर लिहा. उत्पादन वाढावं म्हणून सेन्सर बंद करून ठेवलेले प्रेस आमच्या भागात मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत. बाराव्या तासाला हात जड होतो, लक्ष राहत नाही, आणि प्रेस थांबत नाही. याची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे वेगळी करता येते. बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह हा मुद्दाही "नंतर बघू" म्हणून शेवटी ढकलला जातो. तो आधीच्या पानावर घ्या. आणि प्रतिनिधींमध्ये किमान एक-दोन बायका असू द्या, नाहीतर तो मुद्दा बैठकीत कुणाच्या तोंडून निघणारच नाही.

आता संपाबद्दल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे कुठल्याही कारखान्यात १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नाही. समेटाची, म्हणजे सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोरची, बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवसही नाही. "संप नको, सगळे मिळून एकदम रजा टाकू" ही युक्तीही चालत नाही, कारण निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर तोही संपच धरतात. नोटिशीविना दहा किंवा जास्त जणांनी मिळून काम बंद केलं तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा मालकाला वेतन संहितेतच आहे. पोरांचा संताप खरा आहे, तो मला पूर्ण समजतो. पण उद्या मशीन बंद केली तर आज ज्याच्याकडे ७५ लाखांचं देणं आहे तो माणूस परवा फिर्यादी होऊन बसेल.

संप वाईट असतो असं मी म्हणत नाही. तो कुणाला परवडतो हे पाहावं लागतं. बजाज ऑटोच्या चाकण प्रकल्पात २०१३ साली २५ जूनला सुरू झालेला संप ५० दिवस चालला आणि पगारवाढीचा करार न होताच मागे घ्यावा लागला. कंपनीकडे वाळूजचा कारखाना होता, पंतनगरचा होता, उत्पादन तिकडे हलवता आलं. तुमच्या मालकाचं तसं नाही. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान व्हेंडरकडे दुसरा प्लांट नसतो, आणि मोठ्या कंपन्या सुट्या भागांचा साठा फार दिवसांचा ठेवत नाहीत. म्हणून तुमच्याबाबतीत नियमाने दिलेली नोटीसच पुष्कळ काम करते. तिची बातमी बाहेर गेली की गिऱ्हाईक कंपनीच्या खरेदी विभागाचे फोन सुरू होतात, आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारे मालक याच आठवड्यात बसायला तयार होतात. ती ताकद एका दुपारच्या रागात खर्चू नका.

मग करायचं काय? आधी संघटना. निदान ७ जण आणि एकूण कामगारांच्या १० टक्के असले की युनियन नोंदवता येते, म्हणजे तुमच्यासाठी ८ जण पुरेत. स्वतंत्र युनियनची कागदपत्रं झेपत नसतील तर सिटू, आयटक, इंटक, भारतीय मजदूर संघ, हिंद मजदूर सभा या मोठ्या कामगार संघटनांपैकी कुणाशी तरी बोला. बाहेरचा पुढारी घेताना त्याने आधी केलेले दोन-तीन करार वाचायला मागा. जो दाखवत नाही त्याला घेऊ नका. युनियन केली म्हणून कुणाला काढणं किंवा त्रास देण्यासाठी बदली करणं ही अनुचित कामगार प्रथा आहे आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येते.

आणि ठेकेदाराकडची निम्मी माणसं पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. मालक सांगतील, "त्यांचा आमचा संबंध नाही, त्यांचा मालक ठेकेदार." पण ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी कंपनीवर येते, हे कायद्यातच आहे. ज्यांना ठरलेला एक मालकच नव्हता त्या पुण्यातल्या हमालांनी बाबा आढावांबरोबर हमाल पंचायत उभी केली आणि मजुरीचे दर ठरवून घेतले. तुमच्या ठेकेदाराच्या पोरांना निदान एक गेट तरी आहे. कायम कामगारांनी स्वतःपुरता करार केला तर पुढच्या वेळी तीच पोरं तुमच्या मशीनवर उभी राहिलेली दिसतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

यानंतर दोन कागद. थकीत देण्याचा दावा वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे. तो ३ वर्षांच्या आत करता येतो, नोंदणीकृत युनियनही करू शकते, आणि मान्य झाला तर मूळ रकमेशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दुसरा कागद मागणीपत्राचा. तो मालकाला द्या, प्रत शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मालकाने बोलावलं नाही तर समेट अधिकारी दोघांना बोलावतात. तिथे मिटलं नाही तर न्यायाधिकरणाचा रस्ता उघडतो. कोर्ट लांबतं हे खरं आहे, म्हणून समेटाच्या बैठकांना तयारीने जा, एकही तारीख चुकवू नका.

करार झालाच तर समेट अधिकाऱ्यासमोर सह्या झालेला हवा, कारण तो सगळ्या कामगारांवर आणि मालकावर बांधील असतो. मालकाच्या केबिनमध्ये दोघा-तिघांनी सही केलेल्या कागदाला तसं वजन नसतं. वाढ "सीटीसी"त, म्हणजे कामगारामागे कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चात, सांगू देऊ नका. त्यात मालकाचा पीएफ हिस्सा, गणवेश, चहासुद्धा मोजतात. बेसिकमध्ये किती, महागाई भत्त्यात किती आणि हातात किती, एवढं लिहून घ्या. ३,००० वाढ म्हणजे पहिल्या वर्षी ३,००० की तीन वर्षांत तुकड्यांनी, हे स्पष्ट करा, कारण आपल्याकडे तीन वर्षांचे हप्ते पाडायची पद्धत आहे. उत्पादन वाढवून देण्याचं कलम येणारच. तिथे "व्यवस्थापन ठरवेल त्याप्रमाणे" असे शब्द असतील तर सही करू नका, मशीनवार नग लिहा. आकसाने कुणावर कारवाई होणार नाही, हे वाक्य हवंच. "यापूर्वीचे सर्व दावे निकाली" असं वाक्य असेल तर ते खोडायला लावा, थकबाकी मिळाल्याशिवाय ते ठेवायचं नाही.

शेवटी एक काम, जे बहुतेक ठिकाणी राहून जातं. करारानंतरच्या पहिल्या पगाराच्या पावत्या सगळ्यांनी एकत्र बसून तपासा, ठेकेदाराकडच्यांच्याही. फरक कमी आला असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि तरीही दिला नाही तर वसुलीचा अर्ज करा. पावत्यांची मांडणी नीट कळत नसेल तर नाव खोडून इथे टाका, मी बघून सांगेन.