लेन्स कोणती घेऊ? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोनी ए-६४०० कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १६-५० मिमीची झूम लेन्स आहे. सप्टेंबरात कासची फुलं टिपायची आहेत, तुळशीच्या लग्नानंतर बहिणीचं लग्न. पैसे एकाच लेन्सपुरते. दुकानदार दूरचं जवळ आणणारी ७०-३०० सुचवतो, तीही फुल फ्रेमची, म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर मोठा असलेल्या कॅमेऱ्यांसाठीची. घ्यावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आत्ता नको. मायणीला पक्षी टिपायचे असते तर गोष्ट वेगळी. मंगल कार्यालयात तिचं लांबचं टोक एफ/५.६ किंवा ६.३ वर अडकतं (एफचा आकडा मोठा, तितका उजेड कमी) आणि नवरी हललेली येते. तुमच्या अडचणी दोन : कार्यालयातला कमी उजेड आणि कासची नखाएवढी फुलं. पैसे पहिलीवर घाला, दुसरी स्वस्तात भागते.

सिग्माची ३० मिमी एफ/१.४ घ्या. १६-५० पन्नासवर एफ/५.६ च देते, एफ/१.४ म्हणजे सोळापट उजेड. जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० लागत होता तिथे ४०० पुरतो. मात्र एफ/१.४ ला दोन मीटरवर जेमतेम पाव मीटर खोली स्पष्ट येते. नवरानवरी मागेपुढे उभे असतील तर एफ/२.८ करा. शटर १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/५०० केलंत की फोटोवर पट्टे उमटू शकतात. फार खालीही जाऊ नका, हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन ना या लेन्सला आहे ना कॅमेऱ्याला.

लेन्स फुल फ्रेमची म्हणून मिमीचा आकडा बदलत नाही. ३० मिमी कुठलीही असो, तुमच्या छोट्या सेन्सरवर ती फुल फ्रेमवरच्या ४५ सारखीच दिसते. वजन आणि किंमत मात्र आजच वाढते.

कासला १६-५० चालेल, जोडीला १६ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, आणखी जवळून फोकस करू देणारी पोकळ नळी. नुसत्या लेन्सने जवळात जवळ ११ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा चौकटीत येतो, त्यात सीतेच्या आसवांचं फूल हरवतं. ट्यूब लावून ५० वर गेलात की साधारण ४-५ सेंटिमीटर. १६ वर ठेवून प्रयत्न करू नका, फोकसचा बिंदू काचेला टेकतो. ट्यूब विजेचे संपर्क असलेलीच हवी. त्यांच्याशिवाय ही मोटरवर चालणारी पॉवर झूम लेन्स उघडतच नाही. पुढच्या काचेपासून वीतभरही अंतर उरत नाही, म्हणून वाटेच्या कडेचीच फुलं निवडा, आत पाय टाकू नका. वाऱ्यात एफ/८, १/५०० आणि एका फुलाचे दहा फोटो.

प्रश्न : वडिलांच्या रोलच्या निकॉनची ५० मिमी एफ/१.८ लेन्स सोनीच्या झेडव्ही-ई१० कॅमेऱ्याला बसेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : बसेल. निकॉनच्या माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) फिल्मपर्यंत ४६.५ मिमी, सोनीत सेन्सरपर्यंत १८, मधली २८.५ भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. आत काच असलेला घेऊ नका, गरजच नाही. नळी केसभर आखूड असली तरी चालते, लांब असली की दूरचा आयर्विन पूल कधीच स्पष्ट होत नाही. मेनूत ‘रिलीज विदाऊट लेन्स’ चालू करा, नाहीतर शटर दबणारच नाही. फोकस हाताने, पीकिंग (स्पष्ट कडा रंगवून दाखवणारी सोय) लावा आणि चित्र मोठं करून पाहा. लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ सारखी दिसेल, म्हणजे चेहऱ्यांना उत्तम, घरातल्या घोळक्याला अडचणीची.

अडॅप्टर घेण्याआधी लेन्सच्या मागून टॉर्च मारून पाहा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही उजेडाकडे रोखलेला फोटो फिकाच येतो.