पुरानं गावाचा संपर्क तुटला तर घरात किती दिवसांचं सामान ठेवावं?

भाऊ, किमान 7 दिवसांचं तरी ठेवा. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाते अन रस्ता बंद, अन 2020 च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेनं काय केलं ते भंडारा-गडचिरोलीवाल्यांनी पाहिलंच आहे.

तांदूळ, तुरीची डाळ तर घरोघरी असतेच, पण चूल भिजली, सरपण ओलं झालं त ते शिजवाल कशावर? म्हणून न शिजवता खाता येईल असं आधी भरा, मुरमुरे, फुटाणे, सातूचं पीठ, गूळ, शेंगदाणे, लेकरांसाठी बिस्किटं, अन हे सगळं झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर, कोठीत खाली नको.

पाण्याचं मात्र खरंच मनावर घ्या. माणशी रोजचे 3-4 लिटर धरा, पुरात विहीर अन हँडपंप दोन्ही खराब होते, ते पाणी उकळल्याशिवाय नाहीतर क्लोरीनची गोळी टाकल्याशिवाय लेकराला देऊच नका. हगवण लागली त 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर अन अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा बरं.

टॉर्च, माचिस, बीपी-शुगरच्या गोळ्या, आधार, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत. मृग लागायच्या आधीच करा हे.