आठ इंची वूफरला बंद बॉक्स किती लिटरचा?

तुम्ही दिलेले आकडे: एफएस (बॉक्सबाहेर, मोकळ्या हवेत वूफरचा अनुनाद, म्हणजे कोन आपणहून सर्वांत सहज हलतो ती वारंवारता) 35 हर्ट्झ, क्यूईएस 0.45, क्यूएमएस 3.6, क्यूटीएस 0.40 (हे तीन क्यू म्हणजे त्या अनुनादाला किती आवर बसतो याची मापं: विद्युत, यांत्रिक आणि दोन्ही मिळून; क्यू जितका कमी तितका आवर जास्त), व्हीएएस (कोनच्या सस्पेन्शनइतकीच ताठ असलेल्या हवेचं घनफळ) 50 लिटर, व्हॉइस कॉइलचा डीसी रोध 6 ओहम. प्रश्न दोन: बंद बॉक्स किती लिटरचा करावा, आणि बॉक्स मोठा केला की बास वाढतो का?

बंद बॉक्समधली हवा कोनच्या सस्पेन्शनला, म्हणजे कोन धरून ठेवणाऱ्या लवचीक भागांना, आणखी ताठ करते. त्यामुळे अनुनाद वर सरकतो आणि क्यूही त्याच पटीत वाढतो. हा बॉक्समधला क्यू, म्हणजे क्यूटीसी, 0.707 ठेवला की प्रतिसाद सर्वांत सपाट येतो. 1972-73 मध्ये रिचर्ड स्मॉल यांनी हे सगळं पद्धतशीर मांडून ठेवलंय.

घनफळ = व्हीएएस ÷ ((क्यूटीसी ÷ क्यूटीएस)² − 1)

0.707 भागिले 0.40 म्हणजे 1.77. त्याचा वर्ग 3.12, त्यातून एक वजा केला की 2.12. 50 ला त्याने भागलं की साडेतेवीस लिटर. अनुनाद 35 × 1.77, म्हणजे 62 हर्ट्झ, आणि तिथे पातळी 3 डेसिबल उतरलेली असेल.

आता बॉक्स दुपटीहून मोठा, 50 लिटरचा करून बघा. क्यूटीसी 0.57 होतो, अनुनाद 49 हर्ट्झवर येतो, पण 3 डेसिबल उतार 65 हर्ट्झवरच राहतो! 30 हर्ट्झला जेमतेम 2 डेसिबल जास्त मिळतात. एवढ्यासाठी मी तरी दुप्पट जागा अडवणार नाही.

खरी मेख क्यूटीएसमध्ये आहे. क्रॉसओव्हरच्या (वूफरकडे फक्त खालचे स्वर पाठवणाऱ्या सर्किटच्या) कॉइलचा रोध अर्धा ओहम धरा. तो व्हॉइस कॉइलच्या सिरीजमध्ये येतो, म्हणून क्यूईएस 6.5/6 पटीने वाढून 0.49 आणि क्यूटीएस 0.43 होतो. तेच सूत्र पुन्हा चालवलं की साडेतेवीसचे 29 लिटर होतात. अर्ध्या ओहमने साडेपाच लिटर! त्यामुळे कॉइल आधी ठरवा, मीटरवर तिचा रोध मोजा आणि मगच प्लाय कापा. वूफरचे आकडेही छापील न घेता स्वतः मोजलेत तर उत्तमच. छोट्या कंपन्यांच्या डेटाशीटवर माझा फारसा भरवसा नाही.

हे 29 लिटर म्हणजे निव्वळ हवा. वूफरची पाठ, मॅग्नेट आणि आतल्या आधारपट्ट्या यांचे अडीच-तीन लिटर वर धरा. आतून 28 × 30 × 38 सेंमी घेतलं की 32 लिटर भरतात. सुताराला कागदावर ठळक लिहून द्या की मापं आतली आहेत. 18 मिमी प्लायमध्ये हीच मापं त्याने बाहेरून धरली, तर आत 22 लिटरच उरतील.

पोर्टचा, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेला बॉक्स हवा असेल तर हिशेब वेगळा: कॉइलशिवाय याच वूफरला साधारण 54 लिटर आणि 33 हर्ट्झचं ट्यूनिंग. त्याचं सविस्तर हवं असेल तर स्वतंत्र विचारा.

बॉक्स झाला की वूफर बसवून, सांधे हवाबंद आहेत ना ते बघून वेगवेगळ्या हर्ट्झला इम्पीडन्स (वूफरचा एसी रोध) मोजा; अनुनादाला तो सर्वांत जास्त असतो. हे शिखर 58 हर्ट्झच्या (35 × 0.707 ÷ 0.43) आसपास यायला हवं. ते वर आलं तर उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस थोडाथोडा घाला आणि दर वेळी पुन्हा मोजा. त्याने हवा तापण्या-थंडावण्याचा परिणाम कमी होऊन बॉक्स प्रत्यक्षाहून मोठा भासतो. मात्र कोंबून भरला तर उलट जागाच खातो.