एचटीटीपीएस असूनही हॉस्टेलच्या राउटरवर आमच्या साइटचं नाव दिसतं. ईसीएच (साइटचं नाव झाकणारी सोय) चालू केलं तर काहींना साइटच उघडेना. दोन सीडीएन (साइट आपल्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या सेवा) आहेत, काय करावं?

कोथरूडहून समुपदेशनाची साइट चालवताय आणि मुलं ती हॉस्टेलच्या वाय-फायवरून उघडतात, म्हणजे नाव झाकायलाच हवं. कोण मदत शोधतंय हे रेक्टरला कळायचं काही कारण नाही.

नाव दिसतं ते जोडणीच्या पहिल्याच निरोपात, म्हणजे क्लायंट हॅलोमध्ये. एका आयपीवर अनेक साइट असतात, त्यातलं कुठलं सर्टिफिकेट द्यायचं हे सर्व्हरला कळावं म्हणून ब्राउझर एसएनआयच्या रकान्यात नाव उघड लिहितो. ही सोय २००३ सालची. २०१८ मध्ये टीएलएस १.३ (एचटीटीपीएसमागच्या कूटबद्धतेची नवी आवृत्ती) आलं, त्यात सर्टिफिकेट झाकलं गेलं, पण हा रकाना उघडाच राहिला. ईसीएचमध्ये दोन हॅलो जातात: बाहेरच्यावर सीडीएनचं सामाईक नाव, आणि त्याच्या पोटात कुलूपबंद असा खरा हॅलो. कुलपाची सार्वजनिक किल्ली ब्राउझरला डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) एचटीटीपीएस रेकॉर्डमधून मिळते, त्याचा टाइप ६५.

म्हणून ब्राउझरमध्ये डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस (डीएनएसची चौकशीही झाकून करणारी सोय) चालू हवं. नाहीतर तेच नाव पोर्ट ५३ वर उघड विचारलं जातं आणि सगळं मुसळ केरात.

आता साइट न उघडण्याबद्दल. माझा सगळा संशय दोन सीडीएनवर आहे. समजा, ब्राउझरला एचटीटीपीएस रेकॉर्ड मिळालं पहिल्या सीडीएनचं, टीटीएल (रेकॉर्ड किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत) ३०० सेकंद. पत्त्याच्या ए रेकॉर्डचा टीटीएल मात्र ६०. मिनिटाभरात तुमच्या डीएनएसने वाहतूक दुसऱ्या सीडीएनकडे वळवली. आता किल्ली पहिल्याची, पत्ता दुसऱ्याचा. दुसऱ्याला आतला हॅलो उघडता येत नाही, आणि बाहेरच्या हॅलोवर पहिल्याचं सामाईक नाव आहे, त्याचं सर्टिफिकेटही याच्याकडे नाही. मग क्रोम ‘ईआरआर ईसीएच फॉलबॅक सर्टिफिकेट इनव्हॅलिड’ दाखवून थांबतो. मुकाट्याने उघड नावाने पुन्हा प्रयत्न करत नाही, आणि करूही नये. तसं केलं तर मध्ये बसलेला कुणीही मुद्दाम जोडणी बिघडवून नाव काढून घेईल.

एकाच सीडीएनमध्ये किल्ली नुसती जुनी झाली तर एवढं बिघडत नाही. सर्व्हर सामाईक नावाचं वैध सर्टिफिकेट दाखवून नवी किल्ली देतो, एक फेरी वाढते, साइट उघडते.

यावर नियमातला उपाय असा: एचटीटीपीएस रेकॉर्डमध्ये प्रत्येक सीडीएनसाठी वेगळं टार्गेट नाव (पत्ता ज्या नावाने शोधायचा ते) द्यायचं आणि त्या नावाचे पत्ते फक्त त्याच सीडीएनचे ठेवायचे. म्हणजे किल्ली आणि पत्ता एकाच घरचे राहतात. दोन्ही रेकॉर्डमध्ये ईसीएच असावं. एकात आहे आणि एकात नाही अशी सरमिसळ ठेवलीत, तर हल्लेखोर ब्राउझरला उघड वाटेवर ढकलू शकतो. पण टार्गेट नाव सगळे ब्राउझर सारखं हाताळत नाहीत, त्यामुळे क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीत तपासा. तुमच्याएवढ्या साइटला मी सांगेन, एकच सीडीएन चालू ठेवा आणि दुसरा राखीव. एचटीटीपीएस आणि ए, दोन्ही रेकॉर्डचा टीटीएल ६० सेकंद करा. ठरवून बदल करायचा असेल तर आधी रेकॉर्डमधून ईसीएच काढा, टीटीएल संपू द्या, मगच पत्ता वळवा. पहिला सीडीएन अचानक बंद पडला तर दोन्ही एकदम बदला. मिनिटभर काहींना एरर दिसेल, ते चालवून घ्या.

तपासायचं असं. डिग कमांडने टाइप ६५ विचारा, उत्तरात ‘ईसीएच’ हा भाग दिसला पाहिजे. मग वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं सॉफ्टवेअर) क्लायंट हॅलो उघडून एसएनआय वाचा. तिथे सीडीएनचं सामाईक नाव हवं, तुमचं नको. हॅलोत नुसतं ६५०३७ क्रमांकाचं एक्स्टेन्शन (ईसीएचचा रकाना) दिसलं म्हणून खूश होऊ नका, कारण किल्ली नसतानाही ब्राउझर तिथे बनावट मजकूर भरून पाठवतात. क्लाउडफ्लेअरवर असाल तर साइटच्या पत्त्यापुढे ‘/सीडीएन-सीजीआय/ट्रेस’ इंग्रजीत लिहून उघडा, तिथल्या एसएनआयच्या ओळीत ‘एन्क्रिप्टेड’ यायला हवं.

आयपी पत्ता उघडाच राहतो. सीडीएनच्या एका पत्त्यामागे असंख्य साइट असतात म्हणून ही लपवाछपवी चालते. स्वतःच्या वेगळ्या आयपीवर साइट ठेवलीत तर नाव झाकून काहीच हाती लागत नाही. रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली मुलं तुमच्याकडे येत असतील तर हेही लक्षात ठेवा, की तिथे नोव्हेंबर २०२४ पासून क्लाउडफ्लेअरच्या ईसीएच जोडण्या अडवल्या जातात.

हिंजवडीतल्या कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीचं रूट सर्टिफिकेट टाकलेलं असेल आणि प्रॉक्सी (कंपनीचा मधला सर्व्हर) जोडणी मध्येच उघडत असेल, तर ईसीएच कामाचं नाही. ‘कंपनीच्या लॅपटॉपवरून नको, स्वतःच्या फोनवर मोबाइल डेटा लावून उघडा’ ही एक ओळ साइटच्या मदतीच्या पानावर आजच टाका.