बोट घेण्याआधी हिवाळ्यात राहून बघ

अगं,

तुझा मेसेज वाचला. लंडनचं भाडं झेपत नाही म्हणून कालव्यावर राहायला लांब-अरुंद नॅरोबोट घ्यायचं मनात आहे म्हणतेस, तर आधीच स्पष्ट सांगते, नुसतं भाडं वाचवायला म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. पैसे वाचतात थोडेफार, नाही असं नाही. पण फ्लॅटमध्ये पाणी, वीज, गरम हवा, संडास हे सगळं भिंतीमागे आपोआप चालू असतं ना, ते इथे तुझ्या हाताने आत आणायचं आणि तुझ्याच हाताने बाहेर न्यायचं. ते ज्याला जड जात नाही त्याने बोट घ्यावी. तू जे व्हिडिओ पाठवलेस ते सगळे मे-जूनमधले आहेत, बदकं, फुलं, गच्चीवर चहा. तसा एक तरी व्हिडिओ जानेवारीतला शोधून दाखव.

आधी कायद्याचं बोलू, कारण तिथेच बहुतेक नवे लोक गडबडतात. इंग्लंड-वेल्समधले बरेचसे कालवे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत, 2012 पासून, त्याआधी ब्रिटिश वॉटरवेज होतं. ट्रस्टचं लायसन्स, बोटीचा विमा आणि बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट, जे दर चार वर्षांनी काढावं लागतं, या तीन गोष्टी लागतातच. आता लायसन्स दोन प्रकारे. एक तर तुझी कायमची बांधायची जागा आहे, म्हणजे होम मूरिंग. लंडनमध्ये राहण्याची परवानगी असलेलं मूरिंग मिळणं महाकठीण आणि मिळालं तर भाडं असं की तुझा बोटीचा हिशोबच कोलमडेल. नाहीतर मग कंटिन्युअस क्रूझिंग, म्हणजे फिरतं राहायचं. 1995 च्या कायद्यात लिहिलंय की एका जागी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, आणि प्रवास खराखुरा हवा. एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत आणि परत मागे असा खेळ चालत नाही, वर्षभरात वीसेक मैलांच्याही आत घुटमळणाऱ्यांचं लायसन्स रिन्यू करताना ट्रस्ट प्रश्न विचारतो. शिवाय 2024 पासून होम मूरिंग नसलेल्यांना लायसन्सवर जास्तीचा आकार लागतो आणि तो वर्षागणिक वाढतोय.

म्हणजे दर दोन आठवड्यांनी तुझं ऑफिसला जायचं स्टेशन बदलणार. हे लक्षात घेऊनच रूट ठरव. माझं मत विचारशील तर ग्रँड युनियन, म्हणजे लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणारा कालवा धर, कारण लंडनच्या युस्टन स्टेशनहून निघणारी रेल्वे आणि हा कालवा कितीतरी मैल एकमेकांना धरून जातात. हेमेल हेम्पस्टेड, बर्कमस्टेड, ट्रिंग, लेटन बझर्ड, मिल्टन कीन्स, सगळीकडे टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेने स्टेशन गाठता येतं, कुठे पाच मिनिटांत, कुठे चांगली अर्धा-पाऊण तास पायपीट. लंडन शहरातल्या रीजंट्स कॅनालवर जागेसाठी मारामार असते, एकीला चिकटून दुसरी बोट बांधलेली, शेजाऱ्याच्या बोटीवरून चालत आपल्या बोटीत जायचं. काहींना ती गजबज आवडते. मला नाही.

बोट कुठली? लांबी 57 फुटांच्या आसपास बघ, रुंदी नॅरोबोटचीच, सहा फूट दहा इंच. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने सात फुटी लॉक बांधले, म्हणजे बोट वर-खाली चढवायला दोन्हीकडे दारं असलेले पाण्याचे हौद, आणि अजून कितीतरी कालवे त्याच मापात अडकलेत. लांबीला सत्तर फुटी पण मिळतात, मात्र उत्तरेतल्या काही कालव्यांचे लॉक आखूड आहेत, तिथे ती मावत नाही. वाइडबीम, म्हणजे दीडपट ते दुप्पट रुंदीची, आतून मस्त फ्लॅटसारखी वाटते, पण ऑक्सफर्ड कॅनालवर वगैरे शिरतच नाही, आणि तुला तर फिरायचंच आहे. बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे केल्याशिवाय एक पौंड देऊ नकोस. सर्व्हेअर हातोडी आणि अल्ट्रासाउंडने पत्र्याची जाडी मोजतो, नवीन बोटीत तळ सहसा 10 मिलिमीटर आणि बाजू 6 असतात, ती जाडी 4 च्या खाली गेली तर विमावाले कुरकुर करतात आणि वरून नवा पत्रा वेल्ड करायचा खर्च डोक्यावर बसतो. विकणारा म्हणेल सेफ्टी सर्टिफिकेट ताजं आहे की, सर्व्हे कशाला? त्या सर्टिफिकेटात गॅस, वायरिंग, आग वगैरे बघतात, तळाला भोक पडतंय का ते नाही बघत. आणि दर दोन-तीन वर्षांनी ड्राय डॉकमध्ये नेऊन ब्लॅकिंग, म्हणजे तळाला काळा रंग, हा खर्च आत्ताच वहीत लिहून ठेव.

विजेचं थोडं गणित शिकावं लागेल. समज बॅटऱ्या मिळून 400 अँपअवरच्या आहेत आणि त्या साध्या लेड ॲसिड आहेत, तर त्यातल्या निम्म्याच वापरायच्या, त्याखाली वारंवार उतरल्या की दीड-दोन वर्षांत मरतात. म्हणजे 200, बारा व्होल्टच्या हिशोबाने जेमतेम अडीच युनिट. त्यात फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, तुझा लॅपटॉप. काही दिवस घरून काम करते म्हणालीस ना, मग लॅपटॉपही मोठा खादाड. केटल, हेअर ड्रायर, इस्त्री विसर, चहा गॅसवर. उन्हाळ्यात सोलर पॅनल इतकी वीज देतात की काय करू कळत नाही, डिसेंबरात तेच पॅनल नुसते छपरावर पडून असतात, मग रोज इंजिन चालवून चार्ज करायचं, आणि तेही रात्री आठ ते सकाळी आठ बंद ठेवायचं, शेजारीपाजारी लोक झोपलेले असतात.

पाण्याची टाकी साधारण तीन-चारशे लिटरची, वॉटर पॉइंटला बोट नेऊन पाइप लावून भरायची, त्या नळांची एक चावी असते, ती आणि तिची डुप्लिकेट दोन्ही जवळ ठेव आणि दोन्हींना कॉर्कचा गोळा लाव म्हणजे पाण्यात पडली तरी तरंगते. आपल्याकडे ज्यांनी टँकरची वाट बघत दिवस काढलेत त्यांना हे शिकवावं लागत नाही, अंगाला साबण लावताना शॉवर बंद. थंडीची लाट येणार अशी बातमी आली की त्याच दिवशी टाकी भरून घे, नंतर नळही गोठतात आणि कालव्यावर बर्फ जमला की बोट हलत नाही. सिंकचं सांडपाणी सरळ कालव्यात जातं बरं का, त्यामुळे तळणीचं तेल, लोणच्याचं तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकायचं.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. कॅसेट टॉयलेट म्हणजे खाली वीसेक लिटरचा डबा, एकटीचा असला तरी आठवडाभर जेमतेम जातो. एल्सन पॉइंटला नेऊन रिकामा करायचा. पद्धत नीट ऐक. हातमोजे घाल, डब्याची नळी फिरवून तोंड खाली कर, वरती हवेचं बटण असतं ते अंगठ्याने दाबून धरूनच ओत, नाहीतर गटगट करत उसळतं आणि बुटांवर येतं. मग नळाखाली दोन पाणी धुऊन, निळं लिक्विड घालून परत. जास्तीचा एक डबा नक्की ठेव, कारण एल्सन पॉइंट बंद असण्याचे दिवस येतात आणि ते नेमके पाहुणे आलेले असताना येतात. हल्ली बरेच लोक कोरडं, वेगळं करणारं टॉयलेट बसवतात, ते छान, पण त्यातला मैला ट्रस्टच्या कचरापेटीत टाकायला बंदी आहे, म्हणजे कंपोस्ट करायला तुझी स्वतःची सोय हवी. वाचून नाक मुरडलंस तर तुझं उत्तर तुला मिळालं, माझं पुढचं वाचायचीही गरज नाही.

वाचतेयस? बरं. थंडी. मल्टिफ्युएल स्टोव्हवर, म्हणजे कोळसा-लाकूड दोन्ही जाळणाऱ्या शेगडीवर सगळी मदार. धूर न करणारा कोळसा घे, 25 किलोची पिशवी कडाक्यात दोन-तीन दिवसांत संपते. कोळसा, डिझेल, गॅसचं सिलिंडर घेऊन फ्युएल बोटी कालव्यावरून फिरतात, त्यांचं वेळापत्रक माहीत करून घे आणि त्यांच्याकडूनच घे, हमाली वाचते आणि कुठला लॉक बिघडलाय, कुठे गर्दी आहे सगळ्या बातम्या फुकट मिळतात. रात्री झोपताना कोळसा भरून हवा कमी करून ठेवली की सकाळपर्यंत निखारा धुगधुगतो. हे जमायला थोडे दिवस जातात, तोवर पहाटे उठून कुडकुडायचं. राख गरम असताना बादलीत काढून आत ठेवायची नाही, कितीही गार वाटली तरी, त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याचा अलार्म 2019 पासून सक्तीचा आहे, पण सक्ती नसती तरी मी दोन लावले असते. फोडणीच्या धुराने वाजतो तो वेगळा, स्मोक अलार्म, त्याची सवय होईल. वाजतो म्हणून बॅटरी काढून ठेवायची नाही.

आणि दमटपणा! लोखंडी डबा, आत माणूस श्वास घेतोय, वरण शिजतंय, कपडे वाळत घातलेत, बाहेर शून्य डिग्री. खिडक्यांवरून पाणी ओघळतं, गादीखाली बुरशी येते, आईने पाठवलेला चिवडा डबा उघडल्यापासून दुसऱ्या दिवशी सादळतो. उपाय उलटा वाटेल, पण थंडीतही व्हेंट उघडेच ठेवायचे, ते बुजवणं तर जिवावरचं काम. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाल, आणि भात-डाळ कुकरमध्येच लाव, गॅसही वाचतो आणि वाफही कमी.

लॉक तुला कुणीतरी सोबत उभं राहून शिकवायला हवेत, पत्रातून नाही येणार. पण एक आत्ताच सांगते. लॉकमधून खाली उतरताना मागच्या दाराशी पाण्याखाली काँक्रीटचा किंवा दगडाचा उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. भिंतीवर पांढरी रेघ असते, बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढे ठेवायचं. पाणी उतरत गेलं आणि मागचा भाग त्या उंबरठ्यावर टेकला की पुढचं टोक खाली जातं आणि बोट मिनिटभरात बुडू शकते. त्यामुळे पाणी सोडत असताना फोन खिशात. टोपाथवरचा हौशी माणूस गप्पा मारायला आला तरी नजर बोटीवर, दोरी हातात सैल, कधीही घट्ट बांधलेली नाही. एकटी चालवणार असशील तर मधली दोरी, सेंटर लाइन, हीच तुझी मैत्रीण.

कालव्याचं पाणी हाताला लागलं की जेवणाआधी साबणाने हात धू, जखम असेल तर झाकून ठेव. इथेही उंदीर आहेत आणि त्यांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो इथेही होतो, मुंबईत 2005 च्या पुरानंतर काय झालं होतं ते घरच्यांना विचार.

पत्त्याचं विसरू नकोस. बोटीला पोस्टाचा पत्ता नसतो आणि तू व्हिसावर आहेस, तुझ्या कंपनीला आणि होम ऑफिसला, म्हणजे इथल्या व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला नीट पत्ता कळवावा लागतो, बँकेलाही लागतो. आधी विश्वासातलं घर बघ जिथे तुझी पत्रं येतील, आणि तुझ्या परिस्थितीत काय चालतं ते कंपनीच्या एचआरला लेखी विचार. डॉक्टरकडे मात्र कायमचा पत्ता नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही, रिसेप्शनवर अडवलं तर शांतपणे सांग.

एकटी मुलगी म्हणून सुरक्षित आहे का, हे तू विचारलं नाहीस पण तुझी आई विचारेलच. बहुतेक ठिकाणी हो. नव्या जागी पहिल्या संध्याकाळी शेजारच्या बोटीवर जाऊन नाव सांगून यायचं, लोक लक्ष ठेवतात, सायकल चोरीला जाताना बघितली तर ओरडतात. शहरात टोपाथला दिवे नसतात त्या भागात मी रात्री उशिरा चालत जात नाही, सरळ रस्त्याने फिरून जाते.

तर आता असं कर. घेण्याचं दोन महिने लांबव. मी 10 जानेवारीनंतर दोन आठवडे भारतात असणार आहे, बोट लेटन बझर्डच्या जवळपास असेल. तेवढे दिवस तू राहा, ऑफिसला जा-ये कर, स्टोव्ह पेटव, डबा रिकामा कर. निघण्याआधी दोन दिवस मी तुझ्याबरोबर असेन, एक-दोन लॉक करून घेऊ. मधेच एकदा जागा बदलायची वेळ येईल, तेव्हा एकटीने हलवू नकोस, शेजारच्या बोटीवरचे आजोबा येतील मदतीला, त्यांना मी सांगून ठेवते, त्यांना कांदेपोहे फार आवडतात. येताना चाकांची सूटकेस आणू नकोस, चिखलात ओढत बसशील, पाठीवरची बॅग आण. डोक्याला लावायची टॉर्च, दोन जोड रबरी हातमोजे, लोकरीचे मोजे. उशी तुझी तू आण, माझी सादळलेली आहे.

तुझी
बोटवाली मावशी