काट्यावर बसणाऱ्या मुलास

चि. बेटा,

येशूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र मिळालं. शिबिरातून आल्यापासून काय काय सोडलंस ते सगळं लिहिलं आहेस. सिनेमा, मोबाइलवरची गाणी, वरातीत नाचणं, आणि आता मित्रांची भरीत पार्टीही, कारण तिथं कोणी ना कोणी बाटली आणतोच. सगळ्यात शेवटी, सहीच्या जरा वर, एक ओळ आहे: शेठ म्हणतात, खेडा खरेदीत, म्हणजे गावात शेतकऱ्यांकडून कापूस घेताना, क्विंटलमागे दोन किलो कमी लिही, सगळेच लिहितात. सिनेमाबद्दल तू पानभर लिहिलंस आणि याबद्दल एक ओळ. मी त्या ओळीपाशीच अडकलो.

सिनेमा-गाण्यांबद्दल मला फार बोलायचं नाही. जे पाहून मन बिघडतं ते सोडलंस तर चांगलंच केलंस. पण पवित्र होणं म्हणजे सोडलेल्या गोष्टींची यादी, असं तुझ्या मनात बसायला लागलं आहे, ते मला नको आहे.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातलं दुसरं वचन तुला पाठ असेल: मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा. आपल्याकडे ते भिंतींवर रंगवतात, कॅलेंडरवर छापतात. पुढची 35 वचनं मात्र कोणी रंगवत नाही. ती वाच. शेताच्या कडेचं पीक कापू नको, पडलेला सरवा गोळा करू नको, तो गरिबाचा आणि परक्याचा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. न्यायाला बसलास तर गरिबाचीही बाजू घेऊ नको आणि मोठ्याचंही तोंड बघू नको. चहाड्या करत फिरू नको. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञासुद्धा इथलीच, 18 व्या वचनातली. येशूने ती इथूनच घेतली. पिकल्या केसांपुढे उठून उभा राहा. आणि शेवटाकडे, 35 आणि 36 मध्ये, तराजू, वजनं आणि मापं. (दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नये असंही त्याच अध्यायात आहे. टेरीकॉटचा शर्ट घातलेले लोकच मला त्यावरून छेडतात. ते वचन आज आपल्याला लागू आहे का, यावर पाळकसाहेबांशी खुशाल वाद घाल. तराजूच्या वचनात वादाला जागा नाही.)

या अध्यायात देव पवित्रतेबद्दल बोलायला लागला आणि थेट शेतात, मजुरीत आणि बाजारात शिरला. मूर्ती, शब्बाथ, यज्ञ हेही त्यात आहे, पण काट्याला त्याने दुय्यम मानलेलं नाही. उलट मापांची आज्ञा संपते तिथेच तो आठवण देतो की तुम्हाला मिसरच्या गुलामगिरीतून बाहेर काढणारा मीच. आधी सुटका झाली, मग काटा सरळ ठेवायला सांगितलं. वजन बरोबर लिहिलं म्हणून देव तुला आपलासा करेल, असं नाही. त्याने आधीच आपलंसं केलं आहे, म्हणून खोटं वजन तुला शोभत नाही. खानदेश-वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशन संस्थेचं काम पुष्कळ झालं. त्यांच्या शिकवणीत ख्रिस्त चार नात्यांनी येतो: तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि येणारा राजा. दुसरं नातं नीट बघ. पवित्र करणारा तो आहे. रात्री झोपताना आज आपण किती पवित्र झालो हे मोजायची सवय तुला लागली असेल, तर ती मोड. मंदिरात उभं राहून आपल्या उपासांचा आणि दशांशाचा हिशोब देवाला ऐकवणारा तो कर्मठ परूशी आठवतो ना?

आता ते दोन किलो. माझं सगळं आयुष्य मापाडी म्हणून, माल तोलण्यात, मार्केट यार्डात गेलं, तेव्हा काटा कसा मारतात हे तू मला शिकवायला नको. वीस क्विंटल कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याचे चाळीस किलो गेले. चांगल्या हाताची बाई सकाळपासून वाकून वेचते तेव्हा दिवसाअखेर जेमतेम तेवढं भरतं. तुझी आईही वेचायला जायची, बोंडाच्या टोकांनी बोटांचं काय होतं ते तुला माहीत आहे. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलं आहे. तिथं शेत कापणारे मजूर आहेत, इथं कापूस आहे, एवढाच फरक.

शेठ म्हणतील, माल ओला असतो. खरंच असतो. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळसुद्धा, ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कमी करते आणि 12 च्या वर माल घेत नाही. पण ते भावात कापलं जातं, शेतकऱ्यासमोर, ओलावा मोजून. वजनात गुपचूप कापणं ही चोरी. म्हणून शेठला सांग: वजनाच्या पट्टीवर मी काट्याचा आकडाच लिहीन, ओलाव्याचं काय कापायचं ते तुम्ही भावात ठरवा, शेतकऱ्याला सांगून. एवढंच बोल. मी ख्रिस्ती आहे म्हणून, वगैरे सुरू करू नकोस. आणि गाडी काट्यावर उभी असताना, चार माणसांसमोर बोलू नकोस. संध्याकाळी हिशोब मिटला की बोल. शेठचाही मान राहिला पाहिजे.

नोकरी जाईल का? जाऊ शकते. खोटी आशा मी देत नाही. पण ते वचन मोशेने एकट्यादुकट्याला सांगितलं नव्हतं, सगळ्या मंडळीला सांगितलं होतं. एक पोरगा सरळ वागला म्हणून घरी बसला आणि बाकी मंडळी त्याच्यासाठी फक्त प्रार्थना करत राहिली, तर मंडळीचं पवित्र होणं कागदावरच राहिलं. तुझ्या घरच्या किराण्याचा विषय मी आपल्या मंडळीच्या वडीलजनांच्या सभेत काढणार आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मुली प्रार्थनेत रात्र-रात्र रडल्या, हे आपल्या उपदेशात नेहमी येतं. त्याच आवारात माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, निराधार बायकांच्या पोटाची सोय होती, हे कमी येतं.

आणि भरीत पार्टीला जा. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला तेव्हा कुष्ठ त्याला लागलं नाही, रोगी शुद्ध झाला. जकातदारांच्या पंगतीलाही तो बसला आणि लोकांची बोलणी खाल्ली. तूही बस, कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खा, बाटलीला हात लावू नकोस, आणि येताना मोटारसायकल तू चालव. त्या पोरांच्या आया तुला दुवा देतील.

सभेत काय ठरलं ते कळवतो. तोवर एक काम कर: तुमच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, या वर्षीचा शिक्का आहे का, ते उद्याच बघून ठेव. शेठशी बोलताना ते माहीत असलेलं बरं.

तुझा काका