स्तनाच्या पेशीत ग्रोथ फॅक्टर आरबी आणि पी५३ ला कसे नमवतात

एमएस्सीच्या सेमिनारसाठी वाचताना ‘ग्रोथ फॅक्टर ट्यूमर सप्रेसर जनुकं बंद पाडतात’ असं वाक्य तुम्हाला सापडलं (ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन, ट्यूमर सप्रेसर म्हणजे बेताल वाढीला लगाम घालणारं जनुक), आणि ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरमुळे जनुकात म्युटेशन, म्हणजे कायमचा बदल, होतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही होत. जनुक आणि त्याचं प्रथिन आधी वेगळं धरा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आरबी आणि पी५३ हे दोन ट्यूमर सप्रेसर; त्यांत आरबीचं उदाहरण सगळ्यांत स्वच्छ. विसावलेल्या पेशीत आरबी प्रथिन ई२एफ प्रथिनांना धरून बसलेलं असतं. ती सुटल्याशिवाय डीएनएची नक्कल सुरू होत नाही. बाहेरून ईजीएफ पेशीवरच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटला, की रास-मॅपकायनेज या प्रथिनांच्या साखळीने निरोप केंद्रकात पोचतो आणि सायक्लिन डी१ हे प्रथिन तयार व्हायला लागतं. ते सीडीके४ आणि सीडीके६ या एन्झाइमांना कामाला लावतं, हे दोघं आरबीवर फॉस्फेट चढवतात, आरबीची पकड सुटते आणि ई२एफ मोकळी! जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नसतं. विभाजन आटोपताना फॉस्फेट उतरवले जातात आणि आरबी परत कामावर हजर. गरोदरपणात स्तनातल्या पेशी वाढतात तेव्हाही हेच चालतं.

पी५३ ची गत जरा वेगळी. आयजीएफ-१ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचा निरोप पीआय३ कायनेज या एन्झाइममार्गे एकेटी या दुसऱ्या एन्झाइमला जातो. एकेटी एमडीएम२ या प्रथिनावर फॉस्फेट लावून त्याला केंद्रकात धाडतं आणि एमडीएम२ पी५३ ची विल्हेवाट लावायला घेतं. या मार्गाला आवर घालणारं पीटेन स्वतःच ट्यूमर सप्रेसर आहे, त्यामुळे ते गेलं की पी५३ लाही फटका बसतो. उलट दिशाही सेमिनारमध्ये जरूर सांगा: धडधाकट पी५३ आयजीएफ-१ च्या रिसेप्टरचं जनुक दाबून ठेवतं.

नावावर मात्र जाऊ नका. टीजीएफ-बीटा म्हणायला ग्रोथ फॅक्टर, पण सामान्य स्तनपेशीत तो सीडीके४ आणि सीडीके६ ला अडवणारं पी१५ प्रथिन वाढवून आरबीचीच बाजू घेतो. कर्करोग पुढे सरकल्यावर तोच फितूर होतो, पण तो विषय स्वतंत्र.

खरा घोळ निरोप थांबेनासा होतो तेव्हा. साधारण १५ ते २० टक्के स्तनकर्करोगांत हर२ या रिसेप्टरचं प्रमाण बेसुमार वाढलेलं असतं, बहुधा जनुकाच्या जादा प्रतींमुळे. त्याला स्वतःचा ग्रोथ फॅक्टर लागतच नाही, जोडीदार रिसेप्टर मिळाला की पुरे.

औषधाचा मुद्दा घेणार असाल तर पाल्बोसिक्लिब घ्या. २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली ही गोळी सीडीके४ आणि सीडीके६ ला रोखते. ज्यांच्या गाठीत हार्मोनचे रिसेप्टर आहेत पण हर२ वाढलेलं नाही अशा (हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर२ निगेटिव्ह) रुग्णांना देतात. तिचा उपयोग व्हायला गाठीत आरबी शाबूत लागतो. आरबी जनुकच गेलेलं असेल, तर फॉस्फेट रोखून वाचवायला काही उरतच नाही.